परत आलेल्या कवळ्या

आमच्याकडे दात तयार होतात. दवाखान्यातून डॉक्टर लोक तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही कवळी करतो, कॅप करतो आणि डबीत घालून परत धाडतो. ज्याच्या तोंडात ती जाते तो माणूस आम्हाला कधीच दिसत नाही. दिसते ती त्याची तक्रार. कवळी परत येते आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: टोचते. हलते. बोलताना शिट्टी वाजते. एकदा एका चिठ्ठीवर नुसतंच लिहून आलं होतं, 'नातू घाबरतो.'

मी प्लास्टरवर आहे. मापात प्लास्टर ओतून जबड्याचं मॉडेल काढायचं, हे माझं काम. माझे दीर आधी इथे कामाला होते, म्हणून मला सगळे वहिनी म्हणायला लागले. दीर केव्हाच सोडून गेले, वहिनी मात्र चिकटली ती चिकटलीच.

बुधवारचं सुरू झालं ते अण्णांमुळे. अण्णा मेणात दात बसवतात आणि या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. सहा वर्षांपूर्वी एका बुधवारी, जेवणं उरकल्यावर, त्यांनी एक कवळी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही मी केलेली. दुसऱ्यांदा परत आलीय. कुठं चुकतंय ते मला कळत नाहीये. बघा बरं."

अण्णांना कळत नाही म्हटल्यावर आम्ही सगळेच वाकून बघायला लागलो. पॉलिशवाला म्हणाला, कडा बहुतेक मीच जास्त घासली. मी माप मागवून घेतलं, तर ते वाटेतच कुठेतरी दबलेलं होतं आणि मी तसंच ओतलं होतं. अर्ध्या तासात तिघांच्या तीन चुका निघाल्या. पुढच्या बुधवारी पॉलिशवाल्यानं त्याची एक कवळी आणली. त्याच्या पुढच्या बुधवारी कॅप करणारी मुलगी आली, तिला आम्ही कॅपवाली म्हणतो. मग ते चालूच राहिलं. नियम असा कुणी केला नव्हता, पण पडला: ज्याची चूक त्यानं आधी बोलायचं, आणि त्याचं बोलून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. नंतर पोट धरून हसा. महिन्याला वीस-बावीस कवळ्या परत यायच्या, त्या पाच-सहावर आल्या. त्याला आम्ही नाव काही दिलं नाही. 'बुधवारचं' म्हणायचो, बस.

मग मालक गेले. त्यांना आम्ही काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंचे गुडघे धरलेले, रोज येणं जमेना. त्यांनी जावयाला बसवलं. तोंडावर आम्ही त्यांना साहेब म्हणायचो आणि पाठीमागे जावईबापू. आधी ते नळ आणि वॉश बेसिन विकणाऱ्या कंपनीत होते. माणूस वाईट नव्हता. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जागा मिळणार नाही.

आल्यावर तीन महिन्यांत जावईबापू एका शिबिराला गेले. नेतृत्वाचं शिबिर, तीन दिवसांचं. परत आले ते एक जाड फाइल आणि एक शब्द घेऊन: सहयोगी अध्ययन गट. तो शब्द ते इतका सावकाश उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं आता 'आ' करा म्हणतील.

त्या बुधवारी ते कधी नव्हे ते मागच्या खोलीत डोकावले. आम्ही चौघं टेबलाभोवती, मध्ये तीन कवळ्या.

"काय चाललंय?"

"काही नाही साहेब," पॉलिशवाला म्हणाला. "परत आलेल्या बघतोय."

"सगळे मिळून?"

"हो."

जावईबापूंचा चेहरा उजळला. "अहो, मग हा सहयोगी अध्ययन गटच की!"

"असं का?" अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी एखाद्या रोगाचं नाव सांगितल्यावर माणूस म्हणतो, त्या आवाजात.

"मी याला पूर्ण पाठबळ देणार," जावईबापू म्हणाले, आणि आमच्या बुधवारच्या घशात पहिला घास अडकला.

पहिलं पाठबळ म्हणजे ते स्वतः. पुढच्या बुधवारी चाकांची खुर्ची ढकलत आले आणि टेबलाच्या टोकाला बसले. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "मोकळेपणानं बोला," म्हणाले. "कुणालाही काही होणार नाही."

कुणाला काही होईल, हे तोपर्यंत आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दातांच्या कारखान्यात सगळ्यांची दातखीळ बसली. शेवटी अण्णांनी त्यांची कवळी पुढे सरकवली आणि म्हणाले, वरच्या-खालच्या दातांचा चावा जुळला नाही, माझा अंदाज चुकला. जावईबापूंनी ते लिहून घेतलं. लिहिताना ओठ हलवत होते. 'अण्णा. अंदाज. चुकला.' लिहून झाल्यावर मान वर करून म्हणाले, "छान. आणि यातून आपण काय शिकलो?"

अण्णा म्हणाले, "अंदाज चुकू देऊ नये."

तेही लिहिलं गेलं.

दुसरं पाठबळ म्हणजे फॉर्म. चुकीचा प्रकार, चूक करणाऱ्याचं नाव, चुकीचं मूळ कारण, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय, आणि खाली सही. कॅपवालीनं तो वाचला आणि मला हळूच म्हणाली, "वहिनी, हे शिकायचं आहे की पोलिसात जबाब द्यायचाय?" त्यानंतर तिची एकही कॅप बुधवारी टेबलावर आली नाही.

मग तारा आला. 'महिन्याचा शिकणारा तारा.' भिंतीवर सोनेरी कागदाची चौकट आणि आत फोटो. जो सर्वांत जास्त शिकला त्याला तारा, आणि जो सर्वांत जास्त चुका सांगेल तो सर्वांत जास्त शिकला, असा हिशोब. पॉलिशवाल्याला हा हिशोब लगेच उमगला. त्यानं पहिल्या महिन्यात अकरा चुका सांगितल्या. पंख्याचं बटण लावायला विसरलो. मास्क उलटा घातला. चिठ्ठी वाचताना चष्मा पुसला नव्हता. एका चुकीत तर, "मी माझ्या क्षमतेवर पुरेसा विश्वास ठेवला नाही," असं म्हणून त्यानं खाली मान घातली. जावईबापूंनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तारा अर्थातच त्याला मिळाला. त्या फोटोत तो इतका गंभीर दिसतो की येणारे-जाणारे विचारायचे, हे कधी गेले?

आणि खऱ्या कवळ्या? त्या परत येतच होत्या. फक्त ज्याची असेल तो डबी हळूच उचलायचा, जमेल तशी घासून-पुसून गुपचूप पाठवून द्यायचा, आणि नाही जमलं तर ड्रॉवरमध्ये टाकायचा, बघू नंतर म्हणून. मीही तेच केलं. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

टेबलावर कवळी येईना, तशी परत आलेल्या कवळ्या मोजायला जावईबापूंनी लावलेल्या तक्त्यावरची रेघ घसरू लागली. सहा, चार, एक. चौथ्या महिन्यात शून्य. त्यांनी त्या शून्याभोवती लाल पेनानं फूल काढलं.

आम्ही एक प्रयत्न करून पाहिला. प्लास्टरची पोती ठेवायच्या खोलीत, गुरुवारी, उभ्याउभ्या दहा मिनिटं भेटायचं ठरवलं. दोन गुरुवार नीट गेले. तिसऱ्या गुरुवारी जावईबापू दारात उभे. आम्हाला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर माणूस हेलावून गेला होता.

"तुम्ही स्वतःहून दुसरा गट सुरू केलात?" ते म्हणाले. "आणि मला सांगितलं नाहीत? अहो, इथे बसायला काही नाही. मी आत्ता खुर्च्या पाठवतो."

शुक्रवारी सहा खुर्च्या आल्या, सोमवारी फळा. पोती ठेवायला जागा उरली नाही, म्हणून ती माझ्या टेबलाखाली आली. गुरुवार तिथेच मेला.

हे सगळं त्यांनी शिबिरवाल्या प्रशिक्षकांना कळवलं होतं. लाल फुलातल्या शून्याचा फोटोही पाठवला होता. प्रशिक्षकांचं उत्तर आलं: असा गट मला प्रत्यक्ष पाहायचा आहे, चार दिवसांनी येतो. जावईबापूंच्या अंगात वारं शिरलं. कापडी फलक करायला टाकला, 'एकत्र शिकू, एकत्र हसू'. आणि त्यांच्या मनात आलं की कार्यक्रमात काकूंनी चार शब्द बोलावेत, तेही आपल्या गटानं केलेल्या नव्या कवळीनं.

काकूंची जुनी कवळी काकांच्या हातची होती. अकरा वर्षं झाली होती, दात झिजले होते, पण त्यांची काही तक्रार नव्हती. जावयानं आग्रह केला म्हणून त्या माप देऊन आल्या.

"साहेब, चार दिवसांत नाही व्हायची," अण्णा म्हणाले. "मेणातली कवळी आधी त्यांच्या तोंडात घालून बघावी लागते. ट्रायल. काय चुकलंय ते तेव्हाच दिसतं. एकदा पक्की केली की संपलं."

"अण्णा, 'नाही' हा शब्द नको. काय होऊ शकतं ते बोला."

अण्णांनी जरा विचार केला. "ट्रायल होऊ शकते."

"ट्रायल परक्यांना. हे घरचंच तोंड आहे," जावईबापू म्हणाले. कामाच्या कागदावरचा ट्रायलचा रकाना त्यांनी स्वतः खोडला. दातांचा रंगही त्यांनीच निवडला, डब्यातला सर्वांत पांढरा. त्या रंगाला आम्ही आपापसात वॉश बेसिन म्हणायचो.

सांगायला हवं होतं का कुणी? हवं होतं. अण्णा एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले नाहीत. मी एकदाही बोलले नाही. सहा महिन्यांपूर्वीचा बुधवार असता तर आम्ही त्यांना ओरडून गप्प केलं असतं. पण आता आमचं तोंड फक्त चष्मा पुसला नाही हे सांगायला उघडायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी मागच्या खोलीत सगळे खुर्च्यांवर बसलो. फलकाखाली प्रशिक्षक, गळ्यात ओळखपत्र, हसरा आणि गोरागोमटा माणूस. जावईबापूंनी तक्ता दाखवला, तारे दाखवले. प्रशिक्षक दर वाक्याला "वा" म्हणत होते. मग काकू उठल्या. नवी कवळी डॉक्टरांनी सकाळीच बसवून दिली होती.

"आज सगळ्यांना..." काकूंनी सुरुवात केली, आणि 'स'बरोबर एक बारीक शिट्टी निघाली.

त्या थांबल्या. परत सुरू केलं. आता खटखट आवाज यायला लागला, लाकडी चपला घालून कुणी जिना उतरावं तसा. तिसऱ्या वाक्याला वरची कवळी निसटून खालच्या कवळीवर पडली. काकूंनी ओठ मिटले. कुणीही हसलं नाही. पॉलिशवाल्यानं तर डोळेच मिटून घेतले होते.

काकूंनी रुमाल काढला, पाठ न फिरवता दोन्ही कवळ्या काढल्या आणि रुमालावर ठेवल्या. गाल आत गेले, चेहरा एकदम दहा वर्षांनी म्हातारा झाला. कुठं बघावं ते आम्हाला कळेना. त्या मात्र एकेकाकडे बघत होत्या. दातांशिवाय त्यांचं बोलणं मऊ येत होतं, पण समजायचं राहावं असं त्यात काही नव्हतं.

"कुणी केली?"

"दात मी बसवले," अण्णा उभे राहिले.

"वहिनी, मॉडेल आण."

मी आणलं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा पहिली पाच वर्षं याच टेबलावर प्लास्टर कालवायच्या, हे जावईबापूंना बहुधा ठाऊक नव्हतं. काकूंनी मॉडेल उजेडात धरलं, बोट फिरवलं, कवळी त्यावर ठेवून पाहिली.

"चावा तिरका घेतलाय. हे तर ट्रायलला शेंबड्या पोरालाही दिसेल. ट्रायल कुणी बघितली?"

अण्णा फरशीकडे बघत होते. एक शब्द बोलले असते तर सुटले असते, पण बोलले नाहीत.

जावईबापूंनी घसा साफ केला. "आई, त्याचं असं आहे, की वेळ लक्षात घेऊन आपण सगळ्यांनी मिळून एक निर्णय..."

"आपण म्हणजे कोण?" काकूंनी विचारलं. "मी नव्हते."

"आपण म्हणजे... गट."

"गट कोण? अण्णा, तुम्ही होतात?"

अण्णांनी काकूंचा रुमाल सारखा केला.

"वहिनी, तू?"

"नाही काकू."

जावईबापूंनी प्रशिक्षकांकडे पाहिलं. प्रशिक्षक मान हलवत होते, हो म्हणून की नाही म्हणून, कळत नव्हतं. पंखा फिरत होता आणि फलकाचं एक टोक सुटून फडफडत होतं. शेवटी जावईबापू म्हणाले, "मी. ट्रायल मी खोडली. अण्णा नको म्हणत होते. मला वाटलं, घरचंच तोंड आहे, चालेल."

"झालं बोलून?"

"रंगही मीच निवडला."

काकूंनी त्या पांढऱ्या शुभ्र कवळीकडे पाहिलं. "ते दिसतंय," म्हणाल्या.

आधी पॉलिशवाल्याच्या नाकातून आवाज आला. मग कॅपवाली फुटली. मग सगळेच. काकूही हसल्या, तोंडावर पदर न घेता, रिकाम्या हिरड्यांनी. जावईबापू लाल झाले. हसू ओसरलं तसा पॉलिशवाला उठला आणि म्हणाला, "काकू, मास्क मी कधीच उलटा घातला नव्हता." आणि त्यानं त्याचा ड्रॉवर उपसून टेबलावर ओतला.

नऊ डब्या. कॅपवालीच्या सहा. अण्णांच्या चार. हो, अण्णांच्याही. माझ्या बारा. सगळ्या मिळून एकतीस, लाल फुलातल्या शून्यासमोर.

प्रशिक्षकांनी फोटो घ्यायला फोन वर केला.

"तो खिशात ठेवा," काकू म्हणाल्या. "इथे बसायचं तर तुमचंही काही चुकलेलं सांगा. नाहीतर बाहेर चहा आहे."

प्रशिक्षकांनी चहा पसंत केला.

आम्ही साडेसहापर्यंत बसलो. माझ्या बारांतली एक डबी चार महिन्यांपूर्वीची होती. कवळी परत आली त्याच दिवशी तिचं मॉडेल माझ्या हातून फुटलं होतं. फॉर्मवर सही करायला नको म्हणून मी डबी मागे सारली. डॉक्टरांचे दोन फोन आले, 'होतंय' म्हणून सांगितलं. चिठ्ठीवर वय लिहिलं होतं, एक्क्याऐंशी. म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांचं कुणीतरी चार महिने हिरड्यांनी जेवत होतं, आणि मी समोरच्या ताऱ्याखाली बसून रोज डबा खात होते. हे मी बोलले तेव्हा कुणी हसलं नाही, बोलून झाल्यावरही नाही. अण्णांनी ती डबी उचलली, म्हणाले, "ही आधी घेऊ."

काकूंनी मग फार काही केलं नाही. फॉर्म काढून टाकले, तारे उतरवले. दवाखान्यांना स्वतः फोन करून सांगितलं, की चिठ्ठीवर तुमचं मत नको, पेशंट काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा. तीन डॉक्टरांनी आमच्याकडे काम देणं बंद केलं होतं, हे त्या फोनमध्येच कळलं. दोघं परत आले, तिसरे आले नाहीत, येणारही नाहीत. ते एक्क्याऐंशीचं गिऱ्हाईक त्यांचंच होतं.

जावईबापू सुधारले का? तसं म्हणायला जीभ रेटत नाही. महिन्याभरात प्रशिक्षकांच्या मासिकात त्यांचा लेख आला, 'मी चुकलो: एका नेत्याची कबुली', छातीवर हात ठेवलेल्या फोटोसकट. लेखात आम्ही 'माझी टीम' म्हणून एका ओळीत होतो. काकूंची शिट्टी नव्हती, एकतीस डब्याही नव्हत्या. ती कबुली द्यायला आता ते गावोगाव जातात आणि लोक टाळ्या वाजवतात म्हणे.

पण काकूंनी त्यांच्यासाठी एक गोष्ट ठरवली होती. ज्याला इथे पाठबळ द्यायचं आहे त्यानं आधी इथलं काम शिकायचं. गावात असतील तेव्हा सकाळचे दोन तास प्लास्टरवर, माझ्या हाताखाली.

पहिल्या दिवशी आले ते पांढरा शर्ट घालून. मी पावडर कालवायला दाखवली, वाटी आपटून बुडबुडे कसे काढायचे ते दाखवलं. त्यांनी माप धरलं, ओतलं, निम्मं बाहीवर ओतलं. मॉडेल टेबलावर ठेवून हात झटकले आणि इकडेतिकडे बघायला लागले.

"आता काय करायचं, वहिनी?"

"आता काही नाही. घट्ट व्हायला अर्धा तास लागतो. हात लावू नका."

"बाजूनं जरा आधार दिला तर?"

"नको."

"नुसतं बघायचं?"

"बघायचंही नाही, साहेब. ते आपलं आपण होतं."

ते उभे राहिले. हात मागे बांधले, घड्याळ पाहिलं, पुन्हा मॉडेलकडे पाहिलं. मी दुसऱ्या वाटीत पाणी घ्यायला वळले आणि परत फिरले, तेवढ्यात मॉडेलच्या बरोब्बर मधोमध त्यांच्या बोटाचा ठसा उमटला होता.